हार्वेस्टरचं हिस्ट्री कार्ड

मंडळी, हात अजून ग्रीसने काळे आहेत, पण हे आधी सांगतो!

आज सुट्टी, म्हणून कासारवाडीत रफिकचाचांच्या भंगाराच्या दुकानात गेलो. गहू कापायचं जुनं हार्वेस्टर तोडायला चाचांनी गॅस कटर पेटवला होता.

मी चाकणला मेंटेनन्सला आहे. कंपनीत प्रत्येक मशीनचं हिस्ट्री कार्ड असतं, कधी काय बिघडलं, काय बदललं याची नोंद; म्हणून सवयीनं हार्वेस्टरच्या बाजूचं झाकण उघडलं. आत ऑइल पेंटनं, कुठल्या हंगामात कुठं कापणी केली ती गावं लिहिलेली! शेवटची ओळ: "डावं बेअरिंग थकलंय. हळू चालवा."

"चाचा, थांबा!" मी ओरडलोच.

चाचांनी वाचलं आणि कटर बंद केला. "आधी बेअरिंग बदल, बेटा. मग बघू."

ढिगातलंच एक शोधून बसवलं. पुली हातानं फिरवली, तर पाती खटखट चालली राव!

लिहिणारा माणूस कुणाच्या ओळखीचा आहे का? त्याला एवढंच कळवा, डावं बेअरिंग बदललंय.