गर्दीतला माणूस

सुपरहिरो आकाशात उडतो तेव्हा खाली रस्त्यावर माना वर करून बघणारी माणसं कोण काढतं, याचा कधी कुणी विचार केलाय? नाही ना? कुणीच करत नाही. हिरो काढणारा चित्रकार वेगळा, त्याचं नाव मुखपृष्ठावर. मागची घरं, दिव्यांचे खांब, थांबलेली बस आणि ती तोंडं वासून उभी असलेली माणसं काढणारा वेगळा. आमचा माणूस हा दुसरा. कॉमिक्सच्या त्या ऑफिसात सगळे त्याला गर्दीमास्तर म्हणायचे. खिडकीजवळचं कललेलं टेबल, शाईची बाटली, कान तुटलेला एक चहाचा मग आणि त्यात उभे केलेले ब्रश, एवढं त्याचं राज्य. हाक मारली तर ओ देणार, नाही मारली तर संध्याकाळपर्यंत तोंडातून ब्र काढणार नाही. नाकासमोर चालणारा माणूस.

आता गर्दी काढणाऱ्यांची एक जुनी खोड असते. रोज शंभर चेहरे आणायचे कुठून? मग ओळखीचे घालायचे. कुणी सासऱ्याला घालतो, कुणी उसने पैसे बुडवणाऱ्याला घालून त्याच्या डोक्यावर इमारत पाडतो. गर्दीमास्तर एकाच माणसाला घालायचा. जाड फ्रेमचा चष्मा, किंचित पुढे आलेले दात, खांदे थोडे पाडलेले. पोलादपंख नावाचा जुना हिरो शहर वाचवत असायचा आणि हा चष्मेवाला कधी बसच्या खिडकीत, कधी फळांच्या गाडीमागे, कधी पुलावर. पोलादपंखाचं वय इतक्या वर्षांत एक दिवसानं वाढलं नाही, मेल्याचे केस अजून काळेभोर. चष्मेवाल्याला मात्र हळूहळू टक्कल पडत गेलं, कारण तो खरा होता.

तो खरा चष्मेवाला दोन गल्ल्या पलीकडे चष्म्याचं दुकान चालवायचा, आणि गर्दीमास्तर आणि तो एकाच घरात राहायचे. एकच स्वयंपाकघर, एकच पलंग, एकमेकांच्या औषधांच्या वेळा दोघांना पाठ. जगाला सांगायला 'भाडेकरू' हा शब्द होता. शेजाऱ्यांना काय कळलं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक, पण अळीमिळी गुपचिळी. नवा अंक आला की चष्मेवाला दुकानातलं भिंग घरी आणायचा आणि जेवण बाजूला सारून गर्दीत स्वतःला शोधायचा. सापडला की लहान मुलासारखा ओरडायचा, "हा बघ! या वेळी पोट का एवढं काढलंस रे?"

"आहे तेवढंच काढलंय," गर्दीमास्तर म्हणायचा.

स्वतःला मात्र त्यानं गर्दीत कधी काढलं नाही. का, म्हणून चष्मेवाल्यानं एकदा विचारलं होतं. "दोघं शेजारी दिसलो तर कुणीतरी बघेल," असं उत्तर मिळालं. आता बघा, कागदावरच्या चेहऱ्यालासुद्धा भीती!

भीती उगाच नव्हती म्हणा. त्यांच्यासारख्यांना कॉमिक्समध्ये कोणती कामं मिळायची ते त्यानं टेबलाशी बसून बघितलं होतं. आधी आला खलनायकाचा हस्तक. मान वाकडी, बोटांत अंगठ्या, हातात रेशमी रुमाल, पोलादपंखानं एक ठोसा दिला की किंचाळत पळणार. कथेच्या कागदावर लिहिलेलं असायचं, 'गर्दी खदाखदा हसते.' गर्दीमास्तरनं गर्दी हसवली, नोकरी होती ती. फक्त फळांच्या गाडीमागचा चष्मेवाला तेवढा हसत नव्हता. मग काळ बदलला, थट्टा करायची लाज वाटू लागली, तेव्हा ती माणसं कथांमधून पार गायबच झाली. एवढं मोठं शहर, उडणारी माणसं, बोलणारे यंत्रमानव, पाण्याखालचे राजे, सगळे आहेत, आणि एका पुरुषावर जीव असलेला एक पुरुष औषधालाही नाही.

आणि मग चकमक आला.

चकमक म्हणजे नवा हिरो, हात एकमेकांवर घासले की ठिणग्या उडवणारा. तिसऱ्या अंकात त्यानं मुखवटा काढला आणि भूगोल शिकवणाऱ्या एका मास्तरच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाला, "दमलो रे आज." एवढंच. ना रुमाल, ना अंगठ्या. चष्मेवाल्यानं ते पान वाचलं, भिंग खाली ठेवलं आणि बराच वेळ चष्मा पुसत बसला. दुसऱ्या दिवशी अंक थेट दुकानाच्या काउंटरवर! गिऱ्हाईक थांबलं की यानं तो पुढे सरकवलाच. जन्मभर सावलीला बिचकणारा माणूस, त्याच्या अंगात हे कुठून आलं देव जाणे.

एका रात्री जेवताना तो म्हणाला, "पुढच्या अंकात तो त्या मास्तरला आईकडे नेणार बघ. शेवटच्या पानावर आई फोनवर म्हणतेच की, रविवारी ये म्हणून."

"नेईल की," गर्दीमास्तर म्हणाला.

"तो अंक मी ताईला देणार आहे."

गर्दीमास्तरचा घास हातातच राहिला. ताई म्हणजे चष्मेवाल्याची मोठी बहीण. आई गेल्यावर हिनंच त्याला वाढवलं, शिकवलं, दुकान काढून दिलं. ती आली की गर्दीमास्तर कापडी पिशवी उचलून "बाजारात जाऊन येतो" म्हणत सटकायचा आणि ती जाईपर्यंत बागेत बाकावर बसायचा. इतकी वर्षं. भाजी कुणाला नको होती, तरी पिशवी भरून यायचा.

"मला तोंडानं सांगता यायचं नाही," चष्मेवाला म्हणाला. "तिच्यासमोर उभा राहिलो की मी अजून शाळेतलाच होतो. पण अंक हातात देईन आणि म्हणेन, ताई, हे वाच, हे माझं आहे. तिचंही वय झालंय रे. मी न सांगताच ती गेली तर ते मला जन्मभर खात राहील."

एवढं ठरवून माणूस गाढ झोपला. दुसरा मात्र कूस बदलत राहिला, काळजीनं आणि थोडा आनंदानंही.

पंधरवड्यानं चौथ्या अंकाची पानं गर्दीसाठी टेबलावर आली. पहिली पानं झकास. एकेक उलटत तो शेवटाशी पोचला. चकमक मेला होता. रविवारी आईकडे जायला निघालेला, वाटेत खलनायकानं उडवलेला पूल सावरताना मेला. आईकडे पोचलाच नाही. त्याच्या मरणानं पोलादपंख पेटून उठतो आणि पुढचे सहा अंक सूड घेतो. शेवटचं मोठं चित्र अखेरच्या निरोपाचं. पुढे आई, पोलादपंख, शहराचे मोठे लोक. आणि कागदावर सूचना, 'भूगोलाचा मास्तर मागे, गर्दीच्याही मागे, झाडाखाली, पाठमोरा.'

चार दिवस त्यानं हे पोटात ठेवलं. घरी चष्मेवाला विचारायचा, "आली का रे पानं? आईचं घर कसं काढलंय?" आणि हा मिठाची गुळणी धरून बसायचा. खोटं बोलवेना, खरं सांगवेना. हा अंक ताईच्या हातात पडला तर चष्मेवाला तिला काय सांगणार होता? हे माझं आहे, हे मरण?

पाचव्या दिवशी तो उठला आणि संपादकबाईंच्या खोलीत गेला. तिथे लेखकही बसला होता. बाईंना वाटलं, शाई संपली असेल.

"हा मरायलाच हवा का?" गर्दीमास्तरनं विचारलं.

लेखक माणूस वाईट नव्हता हो, अगदी तळमळीचा होता. म्हणाला, "मास्तर, मलाही त्रास झाला लिहिताना. पण हे मरण वाचून लोक ढसाढसा रडतील. अशा माणसांबद्दल त्यांना माया वाटेल."

"रडतील," गर्दीमास्तर म्हणाला. "रडायला लोक तयारच असतात. मेल्यावर सगळ्यांना माया येते. पण जिवंतपणी जेवायला कुणी बोलावतं का आम्हाला? एकदा त्याला आईच्या घरी पोचवायचं होतं. टेबलापाशी बसवायचं होतं. तेवढं एक पान नाही सुचलं तुम्हाला?"

'आम्हाला' हा शब्द खोलीत पडला आणि तसाच राहिला. गर्दीमास्तरला तो परत घ्यावासा वाटला, आणि मग वाटला नाही. लेखक खाली बघू लागला. बाईंनी पेन मिटलं.

"मास्तर," त्या हळू म्हणाल्या, "छपाई परवा आहे. सगळी पानं झालीत. आता मी त्याला जिवंत करू शकत नाही. वाईट वाटतंय मला, खरंच."

"गर्दी झालेली नाही," तो म्हणाला. "कोण कुठे उभं राहतं ते मी काढतो."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. "मी कधी तुमच्या गर्दीत डोकावलेय का?"

लेखकानं मात्र सूचनेचा कागद पुढे ओढला, झाडाची ती ओळ स्वतःच्या हातानं खोडली आणि कागद परत दिला.

गर्दीमास्तर टेबलाशी येऊन बसला. झाड काढलं, पण झाडाखाली कुणी नाही. भूगोलाचा मास्तर त्यानं सगळ्यात पुढे आणला, पोलादपंखाला अर्धा झाकून, आईच्या शेजारी. आईनं त्याचा दंड घट्ट धरलेला. आणि दुसऱ्या ओळीत चष्मेवाला, टकलासकट. ब्रश वर उचलला, खूप वेळ तसाच धरला, आणि मग त्याच्या शेजारी स्वतःला काढलं. नाक जरा मोठं झालं. खोडलं नाही.

अंक आला. त्यानं तो स्वतःच घरी नेला आणि दारातच म्हणाला, "आधी सांगतो, तो मरतो." चष्मेवाल्याचा विश्वास बसला नाही. बसून सगळा वाचला. पूल आला तसा त्याचा चेहरा उतरत गेला, आणि मग तो इतका चिडला, की त्याला इतकं चिडलेलं गर्दीमास्तरनं कधी बघितलं नव्हतं.

"नालायक! एकच तर होता! आईच्या दारात तरी पोचू द्यायचा होता!" अंक त्यानं टेबलावर आपटला. "हे देऊ ताईला? हे वाचून ती मला म्हणेल, जपून राहा बाळा. दुसरं काय म्हणणार?"

"शेवटचं पान बघ."

"नाही बघायचं मला."

"बघ रे. माझ्यासाठी."

चष्मेवाल्यानं भिंग घेतलं ते केवळ सवयीनं. आई दिसली, तिच्या हातातला तो दंड दिसला. मग भिंग दुसऱ्या ओळीवर सरकलं आणि थांबलं.

"हा माझ्या शेजारी कोण?"

"कोण असणार?"

"नाक केवढं काढलंस!" चष्मेवाला म्हणाला, आणि भिंगाची काच धूसर झाली म्हणून ते शर्टाला पुसू लागला. पुसतच राहिला. मग उठला, पायात चपला सरकवल्या. "चल. ताईकडे."

"अंक राहिला ना."

"राहू दे त्याला. मेलेल्याला कशाला न्यायचं? तू आहेस ना जिवंत, तूच चल."

ताईचं घर दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात गर्दीमास्तर दोन पायऱ्या मागेच राहिला, पण परत वळला नाही. ताईंनी दार उघडलं. पांढरा अंबाडा, हातात पीठ. आधी भाऊ दिसला, मग त्याच्यामागे हा.

"ताई," चष्मेवाला म्हणाला, आणि अडकला, शाळेतल्यासारखाच. शेवटी त्यानं मागे हात नेला, गर्दीमास्तरचा दंड धरला आणि त्याला ओढून आपल्या शेजारी उभा केला. "हा भाडेकरू नाही, ताई. कधीच नव्हता. हा माझा आहे."

ताई बघत राहिल्या. एकदा भावाकडे, एकदा त्या धरलेल्या दंडाकडे. डोळे भरून आले आणि त्याबरोबर रागही आला, ताईंचा राग आधीपासूनच मोठा.

"म्हणजे यासाठी?" त्या गर्दीमास्तरला म्हणाल्या. "मी आले की पळत होतात ते यासाठी? आणि मी मूर्ख, मला वाटायचं या माणसाला माझा राग येतो! घरी येऊन रडलेय मी त्यापायी. माझ्या भावाच्या घरात मीच नकोशी झाले, म्हणायची मी!" पिठाचा हात त्यांनी डोळ्यांना लावला, गाल पांढरा झाला. "आत या आता दोघं. दारात उभं राहून काय बोलायचं? तीन माणसांचं होईल एवढं आहे घरात."

गर्दीमास्तर उंबऱ्यातून आत आला आणि भिंतीला लागून, सगळ्यांच्या मागे उभा राहिला, सवयच ती. ताईंनी खुर्ची ओढली, टेबलाच्या मधोमध ठेवली, आणि तेव्हा त्यांचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. घरातून निघताना त्यानं खुंटीवरची ती कापडी पिशवी उचलून आणली होती, आणि त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

"बसा इथे," ताई म्हणाल्या. "आणि ती पिशवी खाली ठेवा आधी."