आईनं न सोडलेले ठोकळे

लहानपणी आईनं माझी झोपायची जागा लाकडी ठोकळ्यांना दिली आणि मला कोंबड्यांच्या डालग्याशेजारी हलवलं. पन्नास वर्षं होऊन गेली, ही तक्रार मी अजून मागे घेतलेली नाही.

आज पहाटे, सांगलीच्या विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये, आई गेली. आता अपील करायचं कुणाकडे?

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी.

आमचं गाव पाटणच्या पुढं, कोयनेच्या खोऱ्यात. मोठा भूकंप झाला तेव्हा माझा धाकटा भाऊ बाळू आईच्या पोटात होता. आजोबा छपराखाली सापडून गेले.

त्यानंतर तिथली जमीन कधी पुरती शांत झालीच नाही. भांडी वाजली की आई आम्हा दोघांना उचलून अंगणात पळायची. पावसात, थंडीत, कधीही.

वडील, म्हणजे अण्णा, फौजेत. रजेवर येणाऱ्या एका गाववाल्याबरोबर त्यांनी बाळूसाठी ठोकळ्यांची पेटी पाठवली. सोबत निरोप, "काय बांधतोस ते मी आल्यावर बघीन."

झाकणावर घराचं चित्र होतं. लाल छप्पर, वर धुराडं.
(नातवाच्या शाळेत ह्याला आता ऍक्टिव्हिटी म्हणतात. पोरं बांधतात, मिस फोटो काढून ग्रुपवर टाकतात, आपण अंगठे द्यायचे.)

बाळूनं कोपऱ्यात, नेमक्या माझ्या अंथरुणाच्या जागी, भिंती रचल्या. छपराचे तिकोनी ठोकळे मात्र लांब नेऊन ठेवले.

मी म्हटलं, "येड्या, छप्पर कुठाय?"
"छप्पर डोस्क्यात पडतं."

चार वर्षांचं पोर. पण आमच्याकडे बोबडं बोलायच्या आधी छपराची भीती यायची.

त्या पौषात हादऱ्यावर हादरे बसले. आम्ही रोज अंगणातच निजायचो. दवानं गोधड्या ओल्या व्हायच्या. बाळूच्या छातीत भरलं. न्यूमोनिया हा शब्द मला पुढे शाळेत कळला.

बैलगाडी दवाखान्यापर्यंत पोचायच्या आधीच तो आईच्या मांडीवर गेला.

छप्पर त्याच्या अंगावर पडलं नाही. तेवढी काळजी आम्ही घेतली होती.

एकाहत्तरची लढाई नुकतीच संपलेली, पण अण्णांना रजा मिळाली नव्हती. तार त्यांच्यापर्यंत पोचली तोवर बाळूचे दिवसही होऊन गेले होते.

आजी म्हणाली, "गेल्या लेकराचं खेळणं घरात ठिवू न्हाई. नदीला सोड."
"सोडते, आत्याबाई. पण ह्येंनी बघितल्यावर. पोराचं शेवटचं तोंड न्हाई बघितलं त्येंनी, ह्ये तरी बघू द्या."
"आन् कवा यायचा त्यो?"
"येतील तवा."

मग पहारा सुरू झाला. आई सारवायची ते ठोकळ्यांच्या कडेकडेनं. मांजराला बंदी, कोंबड्यांना बंदी, मला तर हद्दपारीच.

एकदा भरदुपारी हादरा बसला. फळीवरची भांडी खाली आली.
"शाले, भायेर पळ!"
"आन् तू?"
"तू पळ म्हणते न्हवं!"

ती पळाली नाही. हादऱ्याच्या नुसत्या आवाजानं अंगण गाठणारी बाई ठोकळ्यांभोवती दोन्ही हातांचं कुंपण करून छपराखाली बसून राहिली.

तरी एक ठोकळा घसरलाच. मी लावायला गेले तर तिनं मनगट धरलं.
"ऱ्हाऊ दे तसाच. तुजा हात लागला की त्ये तुजं हुईल."

उन्हाळ्यात अण्णा आले. दारात बूट काढले आणि सरळ कोपऱ्यात जाऊन उकिडवे बसले.

आई भिंतीला टेकून उभी. पोराला थंडीत बाहेर का निजवलंस, एवढा एकच प्रश्न येणार होता. त्याचं उत्तर ती कितीतरी रात्री पुटपुटत होती. शेजारी कोंबड्या आणि मी ऐकत होतो.

अण्णा म्हणाले, "ह्ये आत काय हाय?"

भिंतींच्या आत चार ठोकळे आडवे निजवलेले होते.

"ही मी. ही शाली. ह्यो त्यो." आई थांबली. "दाराजवळचं तुमी."
"मी?"
"व्हय."
"त्यानं मला बघितलंय कितीदा गं?"

अण्णांनी दाराजवळच्या ठोकळ्यावर बोट टेकवलं.

"आन् तरी घरात घेतलं."

आईला ज्याची भीती होती तो प्रश्न त्यांनी विचारला नाही. त्या दिवशी नाही, मरेपर्यंत नाही.
लोक ह्याला समजूतदारपणा म्हणतात. मला वाटतं, विचारला असता तर आईला एकदाचं ओरडून रडता आलं असतं. उत्तर तिच्या पोटातच राहिलं. आज सकाळपर्यंत.

जाताना अण्णांनी आपला ठोकळा ट्रंकेत घातला. तो पुढे कुठे गेला, कुणालाच माहीत नाही. बाकीचे पेटीत. पेटी आमच्याबरोबर सांगलीला आली, प्रत्येक भाड्याच्या घरात आली.

आजी शेवटपर्यंत विचारायची, "सोडलंस का गं?"
"सोडते, आत्याबाई."

आज सगळे स्मशानातून परतले. मी रिक्षा केली आणि पेटी घेऊन कृष्णेच्या घाटावर गेले.

लाकूड बुडत नाही. ठोकळे सारखे पायरीला येऊन लागत होते. शेवटी गुडघाभर पाण्यात उतरले आणि एकेक आत ढकलला. अंधार पडेपर्यंत.

ये आता, आई.
आजीनं विचारलं तर सांग, सोडले.