काकूंच्या बारमधली टिप

ही केस सांगायचं मी निवृत्तीनंतरही अनेक वर्षं टाळलं. कोणी खोदून विचारलं, तर दुसरीच सांगायचो.

अमेरिकेत एडिसनजवळच्या एका शहरात मी पोलीस डिटेक्टिव्ह होतो. आमच्या हद्दीत रेल्वे रुळांपलीकडे एक जुना बार होता. मारामारीचा कॉल आला की पत्ता विचारावा लागत नसे. तो चालवायचं नागपूरकडचं एक मराठी जोडपं. काका ग्लास भरायचे आणि काकू माणसं आवरायच्या.

एका संध्याकाळी बारच्या दारातच एका तरुणावर गोळी झाडली गेली. तो वाचला, पण बोलेना. जबाबात प्रत्येक गिऱ्हाईक म्हणालं, "मी टॉयलेटमध्ये होतो." बारमध्ये टॉयलेट एकच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा गेलो. काही जण पीत बसले होते. काउंटरवर टेकून मी विचारलं, "काकू, तुम्ही पाहिलंत ना?"

"हळू बोल रे बाबा." त्या खाली बघून ग्लास पुसत राहिल्या.

"मराठी आहे. यांना काय कळतंय?"

काका मध्ये पडले. "तू जा. तुझी शिफ्ट संपते, आम्हाला इथेच राहायचंय."

पण काकू पुटपुटल्या, "डार्ट बोर्डजवळ बसलाय, लाल टोपीवाला. वळून बघू नको. आणि माझं नाव कुठे घालू नको, प्लीज."

रिपोर्टमध्ये मी 'गोपनीय माहिती' एवढंच लिहिलं. वॉरंट काढून त्याची गाडी तपासली, पिस्तूल सापडलं. चौकशीच्या खोलीत तो हसला. "त्या म्हातारीनेच सांगितलं ना? तुमच्या भाषेत काय, हवापाण्याच्या गप्पा चालल्या होत्या?"

शब्द कोणालाच कळले नव्हते. आम्ही बोलतोय हे मात्र सगळ्यांना दिसलं होतं.

मी तिथेच ठामपणे नाही म्हणायला हवं होतं. पण तो कबुलीच्या जवळ आला होता, म्हणून गप्प राहिलो. त्याने त्यातून काय ते ओळखलं. कबुली मिळाली. घाबरून त्या सांगितलेलं फिरवतील म्हणून मी काकूंना सावधही केलं नाही.

तो कोठडीत होता, पण त्याचे साथीदार बाहेर होते. काही दिवसांतच बार पेटला. दोघं मागच्या दाराने कसेबसे बाहेर पडले. आपल्याच लोकांत कुजबुज सुरू झाली, की इन्शुरन्ससाठी काकांनीच आग लावली. चौकशीच्या खोलीतलं ते बोलणं मी आगीचा तपास करणाऱ्यांना कधीच सांगितलं नाही. आज लिहून ठेवतो: काकांवरचा संशय खोटा होता, आणि तो पसरत असताना मी गप्प बसलो.

साक्षीदाराचं नाव कागदावरून गाळलं म्हणजे त्याला वाचवलं, असं मी समजत होतो. त्याच्याशी कोणासमोर उभं राहून बोलतो, हे आधी बघायला हवं.

काकू आता नाहीत. त्या होत्या तेव्हा एकदा मी विमानाने दूर शुगर लँडला त्यांच्या मुलीच्या घरी गेलो होतो, माफी मागायलाच. काका खोलीतून बाहेर आले नाहीत. काकूंनी चहा केला आणि समोर बसल्या.

"खरं सांग हं. मी तुझ्याशी बोलले म्हणून झालं का रे ते? हे अजून मलाच बोलतात."

"नाही काकू," मी म्हणालो. "वायरिंग जुनं होतं."

त्यांनी डोळे पुसले आणि बिस्किटांची बशी माझ्यापुढे सरकवली. विमानात पाठ केलेली माफी मी तशीच परत घेऊन आलो.