बारा घरांचं पाणी

सहा वर्षांत हे एकदाही माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आईपाशी नाही, नवऱ्यापाशी नाही. लग्नाआधी त्याला सांगायचं म्हणून मुद्दाम कॉफीला बोलावलं होतं — ऐकून नकार दिला तर दिला, असं ठरवून गेले होते — आणि दोन तास इकडचं तिकडचं बोलून परत आले. आज जमतंय का बघते. मध्येच विषय बदलला तर ओळखा, मी पुन्हा पळतेय.

मी नेपरव्हिलला राहते. रोज ट्रेननं शिकागोला जाते आणि पर्यावरणाचे अहवाल तपासते — हो, दुसऱ्यांचे. मंडळाच्या गणपतीत पर्यावरणावर दोन शब्द बोलायला मलाच उभं करतात. गेल्या वर्षी भाषण झाल्यावर एका काकूंनी त्यांच्या लेकीला पुढे ढकललं. म्हणाल्या, "बघ, ताईसारखं काहीतरी लोकांच्या उपयोगाचं कर." मुलगी इंग्लिशमध्ये थँक यू म्हणाली. मी हसले. दुसरं काय करणार होते?

बदलला ना विषय?

२००२ साली मी मिशिगनमधल्या एका विद्यापीठात मास्टर्स करत होते. नागपूरहून येऊन वर्ष उलटलं होतं. प्रबंधाचा विषय होता सीमेपलीकडचं, कॅनडातलं एक लहानसं गाव. तिथे नदीकाठी कागदाचा एक बंद पडलेला कारखाना होता, त्याच्या मागे साचलेला गाळ होता, आणि उताराला बारा घरं. या घरांना गावाचं नळाचं पाणी नव्हतं, प्रत्येकाची आपापली बोअर. लोक म्हणायचे, पाण्याला वास येतो. गावाची समिती म्हणायची, तक्रारी पुष्कळ ऐकल्या, आता पुरावा आणा. तो पुरावा मी आणायचा होता. लोकांचं ऐकून घ्यायचं, बारा घरांचं पाणी आमच्या लॅबमध्ये तपासायचं आणि निकाल त्यांच्यासमोर जाऊन वाचून दाखवायचा. पाणी वाईट निघालं तर गावाची पाइपलाइन तिथपर्यंत येणार होती. एवढं सगळं त्या निकालावर होतं, आणि ते मला पक्कं माहीत होतं.

सातव्या घरात मार्ज राहायच्या. साठी उलटलेल्या, एकट्या, गुडघ्यांनी बेजार. सगळे त्यांना नुसतं मार्ज म्हणत, मी मनातल्या मनात मार्जमावशी म्हणायचे. त्यांची लेक शनिवार-रविवारी दोन लहान मुलं घेऊन यायची. मुलांना हे पाणी देऊ की नको, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. मी तीन आठवडे त्या गावात राहिले, आणि माझा हात धरून त्याच मला घरोघरी घेऊन गेल्या. त्या सोबत होत्या म्हणून लोकांनी दारं उघडली.

पहिल्या दिवशी गप्पांत मी सहज सांगितलं, की आमच्याकडे घरी आलेल्याला आधी पाणी देतात. दुसऱ्या दिवशी मी दारात पोचले तर मार्ज पेला घेऊन उभ्या. किती कौतुकानं दिला होता तो. मी तो हातात धरला, बोलत राहिले, आणि प्यायले नाही. विकतच्या पाण्याची बाटली माझ्या पर्समध्ये होती. त्यांना कळलं. त्यांनी पेला परत घेतला, बेसिनमध्ये ओतला आणि मला ज्यूस दिला. त्यानंतर त्यांनी मला पाणी विचारलं नाही. हा पेला लक्षात ठेवा, मला तो विसरता आलेला नाही.

शेवटच्या दिवशी आम्ही बारा बाटल्या भरल्या. लेबलांवर नावं मार्जनी लिहिली, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं म्हणून. बर्फाच्या खोक्यात बाटल्या नीट रचून मी निघाले. त्यांनी एकदाच विचारलं, "वाचून दाखवायला तूच येशील ना?" मी हो म्हणाले.

आता पुढचं. सीमेवर दाखवायला माझ्या गाइडनी एक पत्र लिहून दिलं होतं — ही आमची विद्यार्थिनी, हे पाण्याचे नमुने, संशोधनासाठी. ते मी प्रिंट केलं आणि डिपार्टमेंटच्या प्रिंटरवरच विसरले. परतताना, सीमेवरच्या पुलाच्या अलीकडे, पेट्रोल भरताना, फाइल उघडली तेव्हा लक्षात आलं. पाचावर धारण बसली. तो काळ आठवा, ९/११ नंतरचा. आमच्यातला प्रत्येक जण तेव्हा सीमेला, विमानतळाला, नुसत्या युनिफॉर्मला दबकून असायचा. तिथल्याच फोनवरून मी वर्षाला, माझ्या रूममेटला, फोन लावला.

"लेटर नाही तर कशाला रिस्क घेतेस यार?" ती म्हणाली. "डिकीत बारा बाटल्या, कसलं पाणी ते तू सांगणार, आणि ते ऐकणार? आपल्या त्या केमिस्ट्रीवाल्या मुलाला बॉर्डरवर पाच तास बसवून ठेवलं होतं. तुझा व्हिसा कॅन्सल केला ना, तर डायरेक्ट नागपूर."

वर्षाला दोष देत नाही. ती फक्त घाबरली होती. मला दुसरा रस्ता होता — गाइडच्या घरचा नंबर माझ्या वहीत होता. एक फोन केला असता तर त्यांनी तासाभरात पत्र फॅक्स केलं असतं. तो फोन मी केला नाही. का? कारण त्यांना कळलं असतं, की त्यांची हुशार, व्यवस्थित विद्यार्थिनी पत्र विसरली. व्हिसाची भीती खरी होती, पण ही लाज तिच्याहून मोठी होती. हे मला स्वतःशी कबूल करायलाच तीन वर्षं लागली.

मी खोकं उचलून पंपाच्या बाथरूममध्ये नेलं, दाराला कडी लावली आणि एकेक बाटली बेसिनमध्ये ओतली. बाराच्या बारा. सातवी ओततानाही हात थांबला नाही. रिकाम्या बाटल्या पुन्हा खोक्यात ठेवल्या, लेबलं तशीच. पुलावरच्या ऑफिसरनं तीन प्रश्न विचारले, पासपोर्ट बघितला आणि जपून जा म्हणाला. डिकी उघडायलासुद्धा सांगितली नाही. आणि माझा — सांगायची लाज वाटते — माझा जीव भांड्यात पडला.

तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. नमुने फुकट गेले, पुन्हा जावं लागेल, एवढंच सांगायचं होतं. पण माझा कॅनडाचा व्हिसा एकाच प्रवेशाचा, तो पुन्हा काढायचा तर महिने जाणार, प्रबंधाची तारीख हुकणार, आणि मुख्य म्हणजे — का, ते सांगावं लागणार. मी घरी आले आणि त्या बारा बाटल्या आमच्या फ्लॅटच्या नळाखाली भरल्या. मार्जच्या अक्षरातल्या नावांमध्ये मिशिगनचं नळाचं पाणी. सकाळी लॅबमध्ये नेऊन दिल्या.

निकाल अर्थातच स्वच्छ आला. फक्त एक घोळ झाला. बाराही बाटल्यांत फ्लोराइड जवळपास सारखंच निघालं — आमच्या शहरात ते नळाच्या पाण्यात मुद्दाम घालतात. बारा वेगवेगळ्या बोअरमध्ये ते एकसारखं कसं असेल? शेंबड्या पोरालाही शंका आली असती. चोराच्या मनात चांदणं, मी तो रकानाच तक्त्यातून काढून टाकला. कुणी विचारलं नाही. गाइड म्हणाले, चला, एकदा तरी चांगली बातमी.

गावात मी गेले नाही. अहवाल पोस्टानं पाठवला. समितीनं तो वाचला, पाणी ठीक आहे असं ठरवलं आणि पाइपलाइनचा विषय बंद केला. मला पदवी मिळाली. त्या प्रबंधाच्या जोरावर नोकरी मिळाली, नोकरीच्या जोरावर व्हिसा. करून सवरून मी नामानिराळी राहिले.

त्या बोअरमध्ये खरंच काय होतं? मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, कारण माझ्या अहवालानंतर पुन्हा तपासायची गरज कुणाला वाटली नाही. पाणी चांगलंही असेल, असं मी कितीदा मनाला समजावलं. पण मग तो पेला मी का प्यायले नाही? माझ्या घशाखाली जे उतरत नव्हतं, ते त्या दोन मुलांनी प्यावं म्हणून मी सही करून दिलं. त्या गावाचं लहानसं वर्तमानपत्र आता इंटरनेटवर दिसतं. त्यातलं निधनवार्तांचं पान मी दोनदा उघडलं आणि नावं वाचायच्या आत बंद केलं. मार्जचा फोन नंबर अजून वहीत आहे. मी फोन केलेला नाही. आजही, हे लिहितानाही, केलेला नाही.

अहवाल पोचल्यावर मार्जचं एक पत्र आलं होतं. बाटल्यांवरचंच ते नीटनेटकं अक्षर. लिहिलं होतं की तुझे आभार, मुलांसाठी विकतचं पाणी आणणं आता बंद केलंय, त्यांचं सरबतही बोअरच्याच पाण्यात करून देते. तू यायला हवं होतंस, पण अभ्यास असेल, समजते मी. आणि खाली, सही करून झाल्यावर, आणखी एक ओळ: पुढच्या वेळी आलीस की दारातच पेला देईन, आता तुलाही प्यायला हरकत नाही.