बोटीवरची फुगडी

आज रानात ट्रॅक्टर सुरू झाला आणि डिझेलच्या वासाने मला गोव्याच्या सहलीतली ती बोट आठवली. दिवस मावळत होता, पाण्यावर तांबूस ऊन पसरलं होतं आणि बोटीवर सिनेमाची गाणी दणदणत होती. माईकवाल्याने बायकांना नाचायला बोलावलं, तशी माझी धाकटी जाऊ हौसेने स्टेजवर गेली. पण जीन्समधल्या पोरींपुढे तिला पाऊल टाकता येईना. लोक मोबाईल धरून हसू लागले. "आक्का, या की वो! एकलीच हाय मी," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. मी उठले तशी "बस खाली, तुलाबी हसतील," आमचे मालक म्हणाले. चारचौघांत मी कधी मान वर केलेली नव्हती, पण तिचं तोंड बघवेना. "तुमी पिशवी धरा," मी त्यांना म्हणाले आणि वर गेले. सिनेमाचा नाच आम्हाला कुठला येतो? आम्ही पंचमीची फुगडी धरली. पाय जुळवून, मागे रेलून, हलत्या बोटीवर अशा गरगर फिरलो की त्या पोरीच बाजूला सरकून टाळ्या वाजवू लागल्या. खाली आले तर मालक पिशवी पोटाशी धरून उभे. "पदर पडलाय डोक्यावरचा," ते हळूच म्हणाले. "ऱ्हाऊ द्या, वारं लई छान हाय," मी म्हणाले. आज रानातही वारं सुटलं होतं. पदर घसरला, तो मी खांद्यावरच राहू दिला.