आत्या, साहेब आणि गुहेचं तोंड

माझ्या आत्याने बावीस वर्षं बटणं ओढली. शर्टाच्या कारखान्यात शिवून आलेल्या शर्टाचं एकेक बटण ओढून बघायचं, निघालं तर शर्ट परत पाठवायचा, हे तिचं काम. या सेवेबद्दल कारखान्याने तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि त्याच आठवड्यात कारखाना बंद केला. रिकामा वेळ मोजायला काहीतरी हवं, असा थोर विचार त्यामागे असावा.

तेव्हा ती सत्तेचाळीसची होती. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितलं म्हणून ती समुद्रावर जाऊ लागली, आणि तिथे एका कयाकवाल्याशी ओळख झाली. तो लोकांना हलक्या, निमुळत्या होड्यांतून कड्याखालच्या गुहा दाखवायला न्यायचा. त्याला गाईड हवा होता. आत्याने भरती-ओहोटीच्या वेळा समजून घेतल्या, उलटलेल्या होडीवर परत चढायची परीक्षा दिली आणि पास झाली.

घरच्यांना कोण आनंद झाला. आतोबा सोफ्यावरून न हलता म्हणाले, "तू बुडालीस तर माझ्या डब्याचं काय?" इतकं हळवं ते लग्नातही बोलले नव्हते म्हणे. माझ्या बाबांना, म्हणजे तिच्या थोरल्या भावाला, लोक काय म्हणतील याची काळजी लागली. लोक काहीच म्हणाले नाहीत, याचंही त्यांना वाईट वाटलं.

मी एका विम्याच्या कचेरीत आहे. आमचे साहेब दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले आणि 'एकजूट' हा शब्द घेऊन परतले. कर्मचाऱ्यांत एकजूट नसेल तर ती समुद्रात सापडते, असं त्यांना तिथे कळलं होतं. म्हणून एका शनिवारी आम्ही आठजण, साहेब धरून, कयाकवाल्याच्या दारात उभे राहिलो. गाईड म्हणून आत्या बाहेर आली.

ती माझी आत्या आहे, हे मी कुणालाच सांगितलं नाही. आमच्याकडे सगळ्यांचे नातेवाईक डॉक्टर, इंजिनिअर, गेलाबाजार परदेशात तरी असतात. आत्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग हेल्मेट हातात देत म्हणाली, "पट्टा घट्ट करा, मॅडम." 'मॅडम' ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोघादोघांच्या चार होड्या आणि पुढे एकटी आत्या, असे आम्ही निघालो. साहेब वल्हं हातात येताच तज्ज्ञ झाले. त्यांच्या सूचनांमुळे आमची होडी दोनदा गोल फिरली. त्यांच्यापुढे मीच बसले होते.

गुहेचं तोंड बुटकं होतं, आत मात्र भलं मोठं सभागृह. पाण्यावरून परतलेला हिरवा उजेड छतावर हलत होता.

आत्या म्हणाली, "भरती सुरू झालीय. दहा मिनिटांत बाहेर पडायचं."

साहेबांनी कापडी फलक काढला. 'एकत्र येऊ, पुढे जाऊ.' त्यामागे सगळ्यांचा फोटो, मग एकेकाचा, मग साहेबांचा एकट्याचा.

"साहेब, आता निघू या," आत्या म्हणाली.

"बाई, वेळेचं नियोजन मी रोज करतो."

"पाण्याला ते माहीत नाही."

तिसऱ्यांदा सांगूनही फलक धरूनच ठेवल्यावर तिने जवळ येऊन तो साहेबांच्या हातातून घेतला. तोवर बाहेर जायची वाट निम्मी झाली होती. लाट आली की ती जवळजवळ मिटायची.

आत्याचा आवाज जराही चढला नाही. "वल्ही होडीत ठेवा. पाठीवर आडवे व्हा. मी सांगेन तेव्हा छताला हात लावून होडी पुढे ढकला. साहेब, तुम्ही तोंड बंद ठेवा, पाणी जाईल."

ती तोंडाशी थांबून लाटा मोजत एकेक होडी सोडत गेली. आमची पाळी आली तेव्हा खडक माझ्या नाकाला लागतो की काय, इतका जवळ होता. कानाशी तिचा आवाज आला, "घाबरू नकोस बाळा, ढकल." मी ढकललं. मागे साहेब अगदी मुकाट होते. सर्वात शेवटी आत्या बाहेर आली, कोपर खरचटलेलं.

किनाऱ्यावर साहेबांना वाचा फुटली. सोमवारी त्यांनी मला कयाकवाल्याला पाठवायच्या तक्रारीचा मजकूर सांगितला: गाईड उद्धट आहे, तिने वस्तू हिसकावली, वरिष्ठांना तोंड बंद ठेवायला सांगितलं. मी सगळं इमानेइतबारे टाइप केलं. खाली एक ओळ माझ्या पदरची घातली: 'आम्ही तिचं ऐकलं, म्हणून आठहीजण ही तक्रार करायला जिवंत आहोत.' साहेब न वाचता सही करतात. याही कागदावर त्यांनी झोकदार सही केली.

संध्याकाळी आत्याकडे जाऊन सगळं सांगितलं. शनिवारी ओळख दाखवली नाही, तेही बोलून टाकलं. ती कोपराला मलम लावत होती.

"कळलं होतं मला," ती म्हणाली. "वाईट वाटलं. पण तेव्हा डोक्यात पाणी होतं, तू नव्हतीस."

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत सांगितलं, ती माझी सख्खी आत्या. साहेब म्हणाले, "तरीच. शिस्त घरातूनच येते." पुढच्याच महिन्यात त्यांनी मुख्य कचेरीत 'संकटातलं नेतृत्व' या विषयावर तासभर भाषण दिलं. गुहेतून सगळ्यांना कोणी बाहेर काढलं, ते मला तिथेच कळलं.

कयाकवाल्याने तक्रारीचं पत्र काच लावून दारात टांगलंय. आत्याने फक्त ते जरा खाली घ्यायला लावलं, होडीची वाट बघत बसलेल्या माणसालाही वाचता यावं म्हणून.