‘घ’च्या रकान्यातल्या रेघा

रामदासपेठेत ज्या मॅडमकडे मी पोळ्या करते, त्या एका कॉलेजात डिझाइन शिकवतात. एखादी वस्तू कशी असावी हे ठरवायचं म्हणजे डिझाइन, असं त्यांनी मला सांगितलं होतं. त्यांचा स्वतःचाही अभ्यास चालू आहे, पीएचडीचा. नवखी मुलं चौघं मिळून एखादी वस्तू ठरवायला बसली की काय करतात, आधी कोण बोलतं, कोण कोणाचं ऐकतं, हे त्यांना बघायचं होतं. पण त्या समोर बसल्या की मुलं परीक्षेला बसल्यासारखी वागायची. कॅमेरा लावून पाहिला, तर सगळी इंग्रजीत बोलू लागली आणि एकाने केस विंचरून घेतले.

एक दिवस मॅडम म्हणाल्या, “मावशी, तुम्ही बसाल का? तुमच्यासमोर मुलं लाजणार नाहीत.”

लाजणार मी, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. “मॅडम, मी चौथी शिकली,” मी म्हटलं.

“रेघा मारता येतात ना?”

त्यांनी कागद दिले. चौघांचे चार रकाने, क, ख, ग, घ. कोणी नवीन काही सुचवलं, कोणी कागदावर काढून दाखवलं, कोणी दुसऱ्याला नाही म्हटलं, त्या त्या घरात एक रेघ. मी बोलायचं नाही, मदत करायची नाही. मुलांनाही हे सांगून ठेवलं होतं. मॅडमच्याच घरी, वरच्या खोलीत, चार दुपारी बसायचं होतं.

मुलांना काम दिलं होतं मोटरसायकलवर नेता येईल अशा जेवणाच्या डब्याचं. माझा नवरा रोज मोटरसायकलने हिंगण्याला कंपनीत जातो. वरण सांडून त्याचं ओळखपत्र पिवळं झालं आहे. मला किती बोलावंसं वाटलं, पण तोंड बंद.

पहिल्या दुपारी मुलांनी काय केलं असेल? डब्याचं नाव ठेवलं. दीड तास नावावर भांडली. मग रंगावर. क म्हणजे चष्मेवाला, तो कागद भरभरून चित्रं काढायचा, आणि प्रत्येक चित्रात एक स्प्रिंग. ख ही मोठ्या आवाजाची मुलगी. “अबे, स्प्रिंग काहून पाहिजे तुले प्रत्येक गोष्टीत? लग्नातही स्प्रिंगच घेऊन जाशील का?” ती म्हणायची. ग टोपीवाला, तो कधी याच्या बाजूने, कधी तिच्या. मला हसू आवरत नव्हतं. मोठी मोठी लेकरं, पण डब्यात वरण असतं हेच कोणाला आठवत नव्हतं.

घ ही चौथी. चार शब्दसुद्धा बोलायची नाही. दोन दुपारी तिचा रकाना कोराच राहिला. शाळेत मी अशीच बसत होते.

तिसऱ्या दुपारी बाकीची तिघं स्प्रिंगवरून भांडत असताना ‘घ’ने टेबलावरचा खरा डबा घेतला, त्यात पाणी भरलं, झाकण लावलं. आधी उभा हलवला, मग आडवा, मग तिरपा. पाणी कुठून येतं ते बोट लावून पाहिलं. रबराची चकती काढून उलटी बसवली. पुन्हा आडवा हलवला, या वेळी थेंबही आला नाही. टोपीवाल्याने एकदा तिरप्या नजरेने पाहिलं, आणि थोड्या वेळाने टेबलावर हात आपटून म्हणाला, “अरे यार, डबा आडवा ठेवला तर?”

“वा, क्या बात है!” चष्मेवाला म्हणाला.

रेघ टोपीवाल्याला मारावी लागली. नियमच तसा होता. मला राग आला, आणि मी ‘घ’च्या रकान्यात एक रेघ ओढली. मग आणखी एक. त्या दुपारी सहा. चौथ्या दुपारी किती, ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पोळ्या लाटत होते. मॅडम ओट्याजवळ कागद घेऊन उभ्या. “मावशी, बघा तरी! ही मुलगी तिसऱ्या दिवशी खुलली. शांत मुलं उशिरा बोलतात, मला वाटतच होतं. सोमवारी माझ्या पीएचडीच्या सरांना हेच दाखवते.”

तव्यावरची पोळी जळली.

घरी नवऱ्याने विचारलं, “काहून वं, तोंड उतरलं?” मी सांगितलं. तो म्हणाला, “रेघाच त मारल्या. चोरी थोडी केली?”

“खोटं आहे ना ते. मॅडम त्यांच्या सरांसमोर तेच वाचून दाखवतील.”

तो जेवता जेवता थांबला. “मंग सांगून टाक. काम गेलं त गेलं.”

सकाळी पिशवी खाली ठेवायच्या आधीच मी सांगितलं. मॅडम खुर्चीत बसल्या. “किती खोट्या?” मी जेवढं आठवत होतं तेवढं सांगितलं. त्यांनी तिसऱ्या आणि चौथ्या दुपारचे कागद वेगळे काढले आणि उलटे ठेवले. सोमवारी सरांना दाखवायचं राहिलं. “पण का, मावशी?” मला शब्दांत सांगता येईना. मी त्यांच्याच स्वयंपाकघरातला डबा घेतला, पाणी भरलं, आणि त्या मुलीने जे केलं ते हातांनी करून दाखवलं. मॅडम रागात होत्या, तरी म्हणाल्या, “पुन्हा करा.” आणि लिहून घेऊ लागल्या.

मुलांना दोन दुपारी पुन्हा बसावं लागणार होतं. काहून, ते मीच सांगायचं असं मॅडमनी ठरवलं. मी मुलांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, “चूक माझी आहे. मी ‘घ’ला जास्त रेघा दिल्या.”

“काकू, मले बी द्यायच्या होत्या ना दोन!” टोपीवाला म्हणाला. सगळे हसले.

घ हसली नाही. “मी नाही बोलली त नाही बोलली. माझ्या नावावर काहून टाकल्या?” एवढं मोठ्याने ती पहिल्यांदाच बोलली. चष्मेवाल्याने चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. किती चुकीचं वाटलं होतं मला.

त्या दिवशी काम संपल्यावर मी जिन्याखाली चप्पल घालत होते, तर ती मागून आली. बॅगेचा पट्टा ओढत उभी राहिली.

“काकू, मले राग आला होता.”

“येणारच ना, बेटा.”

“पण तुम्ही पाहून राहिल्या होत्या, हे मले माहीत होतं. बाकी कोणी पाहत नव्हतं. म्हणून मी डबा तुमच्याकडे तोंड करून हलवत होती.” आणि ती पळाली.

मला इतका आनंद झाला की जिन्याचा कठडा धरावा लागला. मग ध्यानात आलं, मी तिथे नसते तर तिने तो डबा हलवला असता की नाही, कोण जाणे. म्हणजे जे मी करून दाखवलं, तेही मॅडमना वाटतं तेवढं सरळ नव्हतं. त्या अजून वर होत्या, कागद आवरत. मी चप्पल काढली आणि पुन्हा जिना चढू लागले.